पाय कुठे टेकू?

"मग त्यात माझं काय उरलं, बाई?"

नेत्रा गायची थांबली होती. फोनमधला पियानो मात्र वाजतच होता, तिच्याविना.

सेराफिनाबाई तुस्कानो मोड आलेले वाल सोलत होत्या. उमेदीची सगळी वर्षं या बाईंनी मुंबईच्या हॉटेलांत बँडपुढे उभं राहून जॅझ गायलं. त्या गायच्या आणि जोडपी नाचायची. शिकवलं कुणीच नव्हतं. कान उघडे ठेवून शिकल्या. आता वसईला घरी असायच्या. गुडघा धरला होता, हातात काठी आली होती. जीभ मात्र तशीच तिखट.

नेत्रा बर्वे त्यांची शेवटची शिष्या. सगळ्यांना पाठ असलेल्या जुन्या जॅझ गाण्यांचा तिचा पहिला अल्बम उद्या स्टुडिओत सुरू व्हायचा होता. पहिलंच गाणं, खिडकीत दिवा लावून नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं. तिच्या तोंडून ते ऐकून बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "सरळ गा."

"सरळ तर सगळ्यांनीच गायलंय," नेत्रा म्हणाली. "माझ्याआधी शंभर जणींनी. लोक म्हणतील, ही आणखी एक कशाला? म्हणून मी हरकती घातल्या, लय मोडली, शब्द सोडून नुसत्या आवाजाच्या उड्या घेतल्या. वर्षभर घासलंय हे. ते काढलं तर अल्बम माझा कसा?"

"आणि तुझा नसला तर?"

"तर करणारच नाही."

"हं... ताठ आहेस. बरं आहे. वाकणाऱ्यांना मी शिकवतही नाही."

बाईंनी वालाचं ताट बाजूला सारलं. काठीवर जोर देऊन उठल्या आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. एक हात नेत्राच्या खांद्यावर ठेवला, दुसरा तिच्या हातात दिला.

"गा. मी नाचते."

"बाई, तुमचा गुडघा..."

"माझा आहे ना? गा."

नेत्रा गायली. घासलेलं सगळं गायली. दुसऱ्याच ओळीला आवाज उडाला, मागे फिरला, लयीला हुलकावणी देऊन भलतीकडेच उतरला. सुरेख होतं, उगाच कशाला खोटं बोलायचं.

बाई थांबल्या. एक पाय उचललेला, तसाच.

नेत्रा गातच राहिली... मग तिचं लक्ष गेलं.

"काय झालं?"

"पाय हवेत आहे," बाई म्हणाल्या. "कुठे टेकू?"

नेत्राचा आवाज चढला.

"आता कुणी नाचत नाही, बाई. लोक खुर्चीत बसून ऐकतात."

"खुर्चीत बसलेल्यालाही पाय असतात. पुन्हा."

पुन्हा गायली. अर्ध्या हरकती गाळल्या. पाय पुन्हा हवेत राहिला.

तिसऱ्यांदा रागानं गायली, अगदी सरळ, रेघ आखल्यासारखं.

"सरळ म्हटलं होतं, ही तर शाळेची प्रार्थना झाली," बाई म्हणाल्या. "पुन्हा. आणि तो फोन बंद कर. तो माझ्यासाठी थांबायचा नाही."

फोन बंद झाला. खोलीत फक्त फरशीवर घासणारी पावलं उरली. बाईंचा भार आता नेत्राच्या खांद्यावर आला होता. कपाळावर घाम होता.

"बसा आता, बाई."

"मी बसते म्हटलं?"

नेत्रानं ओठ आवळले. मग गाऊ लागली. नजर खाली, बाईंच्या पायावर.

दिव्याची ओळ आली. पाय उचलला गेला... आणि गुडघा अडला. नेत्रानं शब्द सोडला नाही. आवाजावर तोलून धरला, हळू, आणखी हळू... पाय खाली येईपर्यंत. पाऊल टेकलं, तसा शब्द ठेवला.

पुढची ओळ तिनं उशिरा उचलली. दुसरं पाऊलही उशिराच आलं होतं.

गाणं संपलं. बाई धापा टाकत खुर्चीत बसल्या. ताट मांडीवर ओढलं.

"यात मी काहीच केलं नाही," नेत्रा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "नुसती तुम्हाला सांभाळत होते."

"माझ्या पायाची वाट बघितलीस, ती त्या शंभर जणींपैकी कुणी बघितली होती?" बाई वाल सोलत म्हणाल्या.

"बाई... उद्या काय करू?"

"किती वाजता जायचंय?"

"सकाळीच."

"मग जाताना," सेराफिनाबाई म्हणाल्या, "माझा गुडघा घेऊन जा."