निवृत्तीची दांडी आणि महिपतीची माती

डोंगरउतारावरच्या एका गावात निवृत्ती रेणुसे नावाचा एक शेतकरी राहत होता. तो प्रामाणिक होता. तसे न वागण्याची संधीही त्याला फारशी मिळाली नव्हती.

त्याच्याकडे एक मिनी ट्रॅक्टर होता. गावातली भाताची खाचरे लहान, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर तिथे वळतच नसे. निवृत्तीचा छोटा ट्रॅक्टर मात्र मांजरासारखा कुठेही शिरायचा. उन्हाळ्यात तो मागे लेव्हलरचे पाते लावून सगळ्यांची खाचरे सपाट करून देई. त्याचे पैसे घेत नसे, कारण गावात इर्जिकीची चाल होती. ज्याच्या शेतात काम, त्याने जेवण द्यायचे, आणि पुढे त्याच्याही शेतात कुणीतरी राबायला जायचे. या चालीत एक न बोललेला नियम होता. राबायला आलेला माणूस पाहुणा असतो, आणि पाहुण्याच्या कामाची तपासणी करायची नसते. त्याला भाकरी वाढायची असते.

ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडतात. खाली दोन हात आणि वर मधोमध एक दांडी. तिला टॉप लिंक म्हणतात. ही दांडी आखडली की पात्याची धार जमिनीत घुसते आणि माती खरवडून पुढे ओढते. लांबवली की पाते मागे रेलते आणि माती सोडत जाते. निवृत्तीची दांडी आट्यांची होती. ती कमीजास्त करायची तर ट्रॅक्टर थांबवायचा, उतरायचे, मागे जायचे आणि हाताने फिरवायची. दिवसभरात एवढी चढउतर झाली की त्याचे गुडघे कुरकुरत. म्हणून तो तालुक्याच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "शेट, हायड्रोलिकची टॉप लिंक द्या. बसल्या जागेवरून हलली पाहिजे."

दुकानदार जुना माणूस होता. म्हणाला, "आधी जुनी दांडी मोजून आणा. पूर्ण आखडलेली केवढी, पूर्ण लांबलेली केवढी. पिना कोणत्या मापाच्या ते बघा. आणि तुमच्या ट्रॅक्टरला मागं तेल जायला आणि यायला दोन तोंडं आहेत का? एकच असेल तर ही दांडी नुसती हार घालायला होईल."

"दोन आहेत. बघून आलोय."

"मग लॉक व्हॉल्व असलेलीच घ्या. चार पैसे जास्त जातील. पण तो नसला की दांडी हळूहळू सरकत राहते. तुम्ही ठरवता एक आणि ती करते दुसरंच."

"म्हणजे माझ्या पुतण्यासारखी."

"पुतण्याला व्हॉल्व बसत नाही, रेणुसे. हिला बसतो."

निवृत्तीने मापे आणली, पारखून योग्य तीच दांडी घेतली आणि नीट बसवली. खरेदीत त्याची काहीही चूक झाली नाही. हे मुद्दाम सांगितले, कारण पुढे जे घडले त्याचा दोष गावाने दांडीलाच दिला. दांडीला कुलूप होते. माणसाला अशी सोय अजून कुणी बसवलेली नाही.

निवृत्तीच्या खाचराला लागूनच महिपती दारवटकराचे खाचर होते. दोघे एकाच वयाचे, एकत्र गुरे राखलेले. महिपतीचे खाचर चार बोटे वर होते. ओढ्याचे पाणी आधी त्याच्याकडे येई आणि बांधाच्या तोंडातून खाली निवृत्तीकडे जाई. महिपतीची माती गावात सर्वांत चांगली. त्याच्या बापाने जन्मभर ओढ्यातला गाळ आणून ती केली होती. खाली मुरूमच होता, पण वरच्या त्या काळ्या थरात आंबेमोहोर असा यायचा की वास रस्त्यापर्यंत पोचे.

त्या उन्हाळ्यात निवृत्ती म्हणाला, "म्हैपती, मधला बांध मोडू. ट्रॅक्टरला वळायला जागा होईल. दोन्ही खाचरं एका दिवसात सपाट करतो. मग बांध परत घालू."

"तुला पटतं ते कर. ट्रॅक्टर तुझा, अक्कलही तुझीच," महिपती हसून म्हणाला आणि जांभळाखाली कोंबडीच्या रश्श्यासाठी चूल मांडायला गेला.

पहिल्या काही खेपा निवृत्तीने सरळ मारल्या. मग एका वळणावर पाते भरलेलेच राहिले आणि ती माती त्याच्या स्वतःच्या खाचरात सांडली. ही चूक खरोखरच चूक होती. त्याने मागे वळून पाहिले. माती काळी, भुसभुशीत होती. मग त्याने जांभळाकडे पाहिले. तिथे महिपती चुलीत फुंकर घालत होता.

जुनी दांडी असती, तर पुढचे करायला दर खेपेला खाली उतरावे लागले असते. मागे जाऊन, वाकून, दोन्ही हातांनी आटे फिरवावे लागले असते, आणि एवढा वेळ स्वतःचे तोंड चुकवणे कुणालाही जड जाते. आता फक्त हाताशी असलेली कांडी पुढेमागे करायची होती. महिपतीच्या शेतात दांडी आखडायची, आपल्या शेतात लांबवायची. दुपारपर्यंत त्याचा हात चांगला बसला.

महिपतीला एकदा वाटले, जाऊन पाहावे. तो उठला.

"कुठं निघालात?" त्याची बायको अनुसया म्हणाली.

"बघून येतो, कसं चाललंय."

"पाहुण्याच्या मागं उभं राहतात का? त्यांना काय वाटेल? बसा खाली, रस्सा ढवळा."

महिपती बसला.

जेवताना अनुसया आग्रह करत होती. "भाऊजी, अजून एक भाकरी."

"नको वहिनी. पोट भरलं," निवृत्ती म्हणाला. त्या दिवशी तो एवढेच खरे बोलला.

संध्याकाळी दोघांनी मिळून बांध घातला. महिपतीच्या मुरमावर काळ्या मातीची पातळ साय उरली होती, त्यामुळे दोन्ही खाचरे आरशासारखी दिसत होती.

पाऊस लागला आणि लावणी सुरू झाली. अनुसया वाकून रोप लावू लागली, तर बोटे मुरमाला लागली. पुढे सरकली, तिथेही मुरूम. "अहो," ती म्हणाली, "रोपानं पाय रोवायचा कशात?"

महिपतीने कुदळ मारली. खडा वाजला. मग त्याने बांध ओलांडला आणि निवृत्तीच्या खाचरात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. बापाने केलेली माती त्याने ओळखली.

देवळासमोर लोक जमले. निवृत्ती म्हणाला, "यंत्र आहे. दांडी जराशी इकडंतिकडं झाली असेल."

गावात बाबूतात्यांचा शब्द मोठा. ते म्हणाले, "यंत्राला काय कळतंय बाबा, आपलं कुठलं न् परकं कुठलं?"

"कळत नाही, म्हणूनच विचारतोय तात्या," महिपती म्हणाला. "त्याला कळत नव्हतं, तर दर खेपेला ते माझ्याकडं भरलं आणि त्याच्याकडंच रिकामं कसं झालं? एकदा तरी चुकायचं होतं."

पण बाबूतात्यांच्या खाचरात दुसऱ्या दिवशी चिखलणी होती, आणि चिखलणीला तोच ट्रॅक्टर यायचा होता. बाकीच्यांचीही पाळी लागलेली होती. न्याय सगळ्यांनाच हवा होता, फक्त तो चिखलणी उरकल्यावर चालणार होता. शेवटी दांडी सदोष ठरली आणि मंडळी घरी गेली.

मग पावसाने उघडीप दिली. निवृत्तीच्या काळ्या मातीला भेगा पडू लागल्या. तो बांधावर आला आणि म्हणाला, "म्हैपती, पाणी सोड."

"कुठलं पाणी? माझ्याकडं आता पाणी थांबतच नाही. आलं की मुरमात मुरतं. पाणी थांबायला माती लागते, ती तुझ्याकडं आहे."

निवृत्तीने पाहिले. जे खाचर त्याच्याहून चार बोटे वर होते, ते आता वीतभर खाली होते. ओढ्याला पाणी असते तरी ते चढ चढून त्याच्याकडे आले नसते. गावभराची जमीन सपाट करणाऱ्या माणसाला पाणी कुठे वाहते एवढेच आठवले नव्हते.

"मग असं करू," तो हलक्या आवाजात म्हणाला, "पीक निघालं की बांध मोडू. ट्रॅक्टर लावून होती तशी करून देतो."

"तुझा ट्रॅक्टर माझ्या वावरात येणार नाही. माती आणायची तर घमेल्यानं आण. डोक्यावरून. दिवसाउजेडी."

निवृत्ती घरी गेला. घमेले त्याच्याकडे होते, ताकदही होती. पण एक घमेले जरी डोक्यावर घेतले असते, तरी सगळ्या गावाला कबुली दिल्यासारखे झाले असते, आणि दांडीला दोष देऊन गावाने त्याची अब्रू नुकतीच वाचवली होती. म्हणून माती जिथे होती तिथेच राहिली. त्या वर्षी दोन्ही खाचरांत भात झाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. इर्जीक बंद पडली. आता ज्याच्या शेतात ट्रॅक्टर येतो तो मालक दिवसभर उन्हात पात्यामागून चालतो, आणि निवृत्ती घरून डबा घेऊन येतो.

तात्पर्य: चोरी बसल्या जागेवरून करता येते; चोरलेले परत करायला मात्र खाली उतरावेच लागते, आणि सगळ्यांचे गुडघे नेमके तिथेच दुखतात.