गोजीने निवडलेलं गवत

“महाराज, देव गवत खातो का हो?”

विचारलं गोजीने, पण पैज मैत्रिणींची होती. त्या साऱ्याजणी मठाच्या दगडी गडग्याआड तोंडात परकराचे बोळे कोंबून हसत होत्या.

कासरवणे गावच्या सड्याखाली वत्सनाथ महाराजांचा मठ होता, तेव्हाची ही गोष्ट. काय दिवस होते ते! सड्याच्या माळावरून भारे उतरू लागले की अख्ख्या गावाला वाळत्या गवताचा गोड वास यायचा. मठातल्या गाईंच्या आधी महाराज कधी जेवायचे नाहीत. आजही त्या गावात म्हातारी माणसं गवताची मूठ आधी नाकाशी नेतात, ती त्याच दिवसांची सवय.

महाराज हसले. म्हणाले, “खातो की, बाळ! पण निवडलेलं खातो. निवडशील?”

झालं! शाळा सुटली की गोजी मठाच्या गोठ्यात. महाराज शेजारी बसून शिकवायचे. गवताला गोड वास आला तर घ्यायचं. कुबट लागलं, काळं दिसलं, धूळ उडाली तर बाजूला. कोवळं, पानांचं ते वासरांना आणि मठातल्या पांढऱ्या सशाला. जाड काडी बैलांना. आणि कुसळ दिसलं की उपटायचंच! “मुकं जनावर टोचलं म्हणून सांगणार कुणाला?” महाराज म्हणत.

एकदा दाजीबा खोत दर्शनाला आले. त्यांची गवताची गंजी गावात सर्वांत उंच, आणि मान त्याहून उंच! गोजीला पाहून ते खो खो हसले.

“अगो, तांदूळ निवडावेत तसं गवत निवडत्येस? आता त्या सशाला पाटावर बसव, आणि पानात मीठही वाढ हो!”

मैत्रिणीही हसल्या. गोजीचे कान तापले. पण खरं दुखणं निराळंच होतं. खोतांच्या गोठ्यात तिची कपिला गाय होती! वासरू असल्यापासून हाताने भरवून वाढवलेली. गेल्या वर्षी बाबांना नांगराला बैल हवा होता, म्हणून त्या बदल्यात दिलेली.

खोतांनी त्या साली गवत फार उशिरा कापलं, कुसळं पिकून कडक झाल्यावर. “गवत ते गवत!” म्हणाले. पुढे कपिला व्याली आणि तिने चारा सोडला. तोंडातून लाळ गळे, लाळेत रक्त. वासराला दूध मिळेना. नेमकं तेव्हाच महाराजांनीही अन्न सोडलं. ताट पुढे आलं की नुसती मान हलवत. का, ते कुणाला कळेना.

पाणवठ्यावर कपिलेची बातमी कानी पडताच गोजी निवडलेल्या गवताची पाटी घेऊन धावली. गोठ्याच्या दारात खोत.

“वैद्याने हात टेकले, तू काय करणार?”

“एक मूठ, खोतकाका. मग हाकलून द्या!”

तिने मूठ पुढे धरली आणि डोळे मिटले. “महाराज, आता तुम्हीच!”

कपिलेने वास घेतला. ओळखीचा हात! तिने तोंड उघडलं. जिभेत कुसळंच कुसळं रुतलेली! ती काढायला गोजीने बोटं पुढे केली मात्र, आणि काय आश्चर्य! जीभ स्वच्छ. एकही कुसळ नाही. कपिला गवत खाऊ लागली, आणि वासरू तिच्या कासेला लुचू लागलं.

तेवढ्यात मठातून हाक आली, “महाराजांनी पेज मागितली!”

सारे धावले, खोतही. महाराज ओटीवर बसले होते. त्यांच्या तळहातावर कुसळं होती. ओली, रक्ताळलेली.

“तुमच्या कपिलेची आहेत, दाजीबा,” महाराज म्हणाले. “आज सुटली माझ्या जिभेतून. फार टोचत होती हो!”

देव गवत खातो का, ते गोजीला कळलं. मैत्रिणींनाही कळलं.

खोतांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं. “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसतं, महाराज! माझ्याच गोठ्यातली दिसली नाहीत.” मग उठून त्यांनी गोजीसमोर हात जोडले. “पोरी, तुझी कपिला वासरासकट घेऊन जा.”

बातमी गोजीच्या आधी घरी पोचली. बाबांनी अंगणात खुंटाही ठोकला. दिवेलागणीला गोजी आली, ती एकटीच, रिकामी पाटी घेऊन.

“कपिला कुठाय गो?” आयेने विचारलं.

गोजीने खुंट्याकडे पाहिलं. डोळे भरले, पण मान ताठच होती.

“आये, बाबा, कपिला नाही आणली मी. तिला एकटीलाच कशी सोडवू? तिच्या रांगेत अजून गोठाभर मुकी तोंडं आहेत. उद्यापासून शाळा सुटली की मी खोतांच्या गोठ्यात गवत निवडायला बसणार!”