शास्त्रीबुवांची पेरणी

रायाजीराजे भोपळ्याच्या भाजलेल्या बिया खाऊन हत्तीशी कुस्ती खेळायचे. हत्ती रडायचा, अगदी खरं सांगतो.

अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही अशी रीत. म्हणून एकदा आचारीण म्हाळसाबाईनं पहिली सुरी लावायला राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांनाच हाक मारली. तो अपमान मनात धरून शास्त्रीबुवा भर पंगतीत म्हणाले, "महाराज, ताकद सगळी गरात असते. बी म्हणजे कचरा. तुम्हाला कचरा चारणाऱ्या या बाईला हाकला."

राजांनी म्हाळसाबाईकडे पाहिलं.

म्हाळसाबाई म्हणाली, "असेल बाई तसंही. मग महाराज, परसात शास्त्रीबुवांना गर पेरू द्या, मी कचरा पेरते. ज्याचा वेल छपरावर चढेल, त्याच्यात ताकद."

राजांना हसून हसून ठसका लागला. शास्त्रीबुवा हळूच म्हणाले, "बाई, थोडा कचरा इकडेही वाढा."