अप्पांचं वेळापत्रक

निवृत्त मुख्याध्यापक अप्पा खांबेट्यांचा दरारा असा, की घड्याळानंही त्यांना विचारून ठोके द्यावेत. हर्णैच्या सहलीचं वेळापत्रक त्यांनी भिंतीवर डकवलं: पहाटे पाचला अंघोळी, सहाला किल्ला, रोज सात ते आठ समुद्रात डुंबणं. चार आणि सहा वर्षांच्या नातवंडांचे चेहरेच उतरले.

"अप्पा, मुलं लहान आहेत. जरा सैल ठेवू या ना," सून मृदुला म्हणाली.

"मुळीच नाही! उशिरा येणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे. तिथेही तोच नियम!"

मृदुला हर्णैचीच लेक. ती ताठ मानेनं म्हणाली, "मग आधी आमच्या समुद्राला बाहेर उभं करा. त्याची भरती रोज पाऊण तास उशिरा येते."

अप्पांनी भिंतीवरचा कागद काढला आणि नातीच्या हाती दिला. "घे, होडी कर."