गिळोबाचा डावा पाय

एका तळ्याच्या काठी कुंभारांचं गाव होतं. तिथल्या गाळाची मडकी चार गावांत नावाजलेली. तळं होतं म्हणून गाव होतं, आणि दगडी बांध होता म्हणून तळं होतं. गावाचे पाटील हैबतराव. त्यांना मडकी घडवता येत नसत, पण बोलणं फार सुबक घडवता येई.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी हैबतरावांनी दवंडी पिटवली. बांधावर राक्षस आला आहे. ताडाएवढा उंच आहे. त्याला दगड, लाकूड काहीही चालतं. पाटलांच्या जुन्या घराचं दार त्याने एका घासात गिळलं आणि आता तो बांधाचे दगड गिळतो आहे. तिकडे कुणी फिरकायचं नाही.

"मी आहे तोवर भ्यायचं कारण नाही," पाटील म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण भिऊन असा."

राक्षसाचं नाव त्यांनी गिळ्या ठेवलं होतं. लोक मात्र भीतीपोटी त्याला गिळोबा म्हणायला लागले. घरटी एक भाकरी बांधाच्या पायथ्याशी ठेवायची असं ठरलं. सकाळी ठेवलेली भाकरी दुपारी नसायची. म्हणजे गिळोबा होताच.

शिवाय पावलं होती. पाटलांनी चार म्हाताऱ्यांना नेऊन ती लांबून दाखवली. हातभर लांब, तीन बोटांची, टाचेत गोल चक्र. आणि एक पाऊल अगदी दुसऱ्यासारखं, तिळाचाही फरक नाही. म्हाताऱ्यांचा सगळा जन्म चाकावर गेलेला. एकाच हातानं, एकाच मातीची घडवलेली दोन मडकीसुद्धा कधी तंतोतंत सारखी निघत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"इतकं एकसारखं माणसाच्यानं होत नाही," त्यांच्यातले जाणते सटवाजी म्हणाले. "हे राक्षसाचंच काम."

त्या गावात दोन महिन्यांपूर्वी सगुणा नावाची सून आली होती. तिचं माहेर चार गावं पलीकडे. तिचे वडीलही कुंभारच, पण ते बेंदराच्या सणाचे मातीचे बैल करायचे, आणि तेही लाकडी साच्यात दाबून. एका साच्यातून शंभर बैल निघत. शंभरांच्या उजव्या शिंगावर तोच टवका असे.

सगुणा बोलायची कमी. पदर पुढे ओढलेला असला की आपले डोळे कुठे फिरतात ते कुणाला दिसत नाही, एवढं सुख नव्या सुनेला असतं. त्या सुखाचा ती पुरेपूर फायदा घेई. पाटलांच्या नव्या घराचं जोतं तिने तसंच पाहिलं होतं. चांगलं कमरेइतकं उंच. जोत्याच्या चारी अंगांना रोज शेणाचा जाड लेप बसे, आणि तो द्यायला पाटील स्वतः उभे राहून सांगत. पाटलांना शेणाच्या लेपात एवढा रस का, असं तिच्या मनात आलं. पण तिला विचारलं कुणी होतं!

बांध गळायला लागला, तेव्हा सटवाजींनी एकदा धीर केला. "पाटील, पावसाच्या आधी बांधाचं बघायला हवं."

"आधी राक्षस, मग बांध," पाटील म्हणाले. "आणि सटवाजी, बांधाची एवढी घाई कुणाला असेल? ज्याला तिथले दगड खायचेत त्याला."

त्या दिवसापासून लोक सटवाजींकडे तिरपे बघायला लागले.

मग पाटलांनी नवीच बातमी आणली. गिळोबा माणसाचं रूप घेऊन गावात शिरला आहे. झालं. कुणी एक भाकरी जास्त खाल्ली की शेजारी कुजबुजायचे. कुणी मोठ्याने ढेकर दिली की त्याच्या अंगणातून लोक वळसा घालून जायचे. सगुणाची सासू कोंडाबाई सुनेला अंघोळीचं पाणी काढून द्यायची आणि तिथेच उभी राहून तिच्या पायांची बोटं मोजायची. रोज पाच-पाचच भरायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची.

शेवटी पाटलांनी खुणा सांगितल्या. तो गावात नवा असेल. कमी बोलेल. सारखा जमिनीकडे बघेल. सोमवारी सकाळी सगळ्यांनी पाटलांच्या दारात जमायचं. ज्याच्यावर खुणा जुळतील त्याला वेशीबाहेर काढायचं.

खुणा तशा गावातल्या प्रत्येक सुनेला जुळत होत्या. पण सगळ्यांत नवी सगुणा होती.

"बाई गं, तू खरंच फार कमी बोलतेस," कोंडाबाई म्हणाली.

"आत्याबाई, नव्या सुनेनं कमी बोलावं असं तुम्हीच सांगितलं होतं."

कोंडाबाईने मुलाकडे, सगुणाच्या नवऱ्याकडे पाहिलं. शिदू चाकावरची माती उगाच थोपटत बसला होता. "मला तर ती माणूसच वाटते," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण पाटलांना जास्त कळतं."

सगुणाला त्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग गोड लागला आणि दुसरा कडू. वेशीबाहेर काढलेली मुलगी माहेरी तरी कुठल्या तोंडाने जाणार? राक्षसाला माहेर नसतं.

रविवारी दुपारी सगळे आडवे झाले, तेव्हा तिने मळलेल्या मातीचा गोळा ओल्या फडक्यात बांधला, मूठभर राख घेतली आणि बांधाकडे निघाली. गिळोबा नसेल असं तिला वाटत होतं, पण वाटणं वेगळं आणि बांधावर एकटीनं जाणं वेगळं.

बांधाच्या पायथ्याशी एक कुत्रं भाकरी खात होतं. फार लठ्ठ झालं होतं. त्याने शेपूट हलवली आणि पुढची भाकरी ओढली.

पावलं मात्र खरी होती. गाळात उमटून वाळलेली. सगुणा वाकून बघत पुढे गेली. डावं पाऊल. त्याच्या पुढे डावं. त्याच्याही पुढे डावं. प्रत्येकाच्या मधल्या बोटाला तोच टवका. तिला वडिलांचे शंभर बैल आठवले आणि ती खाली बसून नीट बघायला लागली. मग तिने टाचेतलं चक्र पाहिलं. जे गाळात खोल गेलंय ते साच्यात वर आलेलं असतं. साच्याच्या घरची मुलगी ती, तिला उलटं वाचता येत होतं. ते चक्र नव्हतंच.

पुढे बांधाला मोठं भगदाड होतं. दगड नव्हते, आणि जमिनीत बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. दगड गिळणाऱ्याला गाडी कशाला लागते?

तिने एका पावलात राख भुरभुरली, म्हणजे माती चिकटत नाही. वर गोळा दाबून बसवला, अलगद उचलला, फडक्यात गुंडाळला आणि घरी येऊन राखेच्या ढिगाआड ठेवून दिला.

सोमवारी सगळा गाव जमला. पाटील नव्या जोत्यावर उभे होते, गाव खाली.

"खुणा तुम्हाला ठाऊक आहेत," ते म्हणाले. त्यांचं बोट गर्दीवरून फिरत फिरत सगुणावर थांबलं. लोक तिच्यापासून हातभर सरकले. शिदूही सरकला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, तो अर्धा हात परत आला.

"बोल, तुला काही सांगायचंय?" पाटलांनी विचारलं. तिला बोलता येणार नाही अशी त्यांची खात्रीच होती.

"सांगायचं नाही, दाखवायचंय." सगुणाने फडकं सोडून मातीचा पाय सटवाजींच्या पुढे ठेवला. "आजोबा, राक्षसाच्या पावलात माती दाबली. तो पाय असा आहे."

सटवाजी वाकले. तीन बोटं. मधल्या बोटाला टवका. आणि टाचेवर चक्र नव्हे, तर उठावाचं कमळ. आठ पाकळ्यांचं, एक पाकळी तुटलेली. त्या कमळासमोर दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन ते चाळीस वर्षं उभे राहिले होते.

"पाटील," ते सावकाश म्हणाले, "हे तर तुमच्या जुन्या दारावरचं कमळ. हा पाय त्याच दाराच्या फळीतून कापलेला आहे."

गर्दीत चुळबुळ झाली. पाटील मात्र कसलेले होते.

"मग? दार गिळलंय त्यानं! गिळलेलं त्याच्या पायात उतरलं!"

आणि खरं सांगायचं तर तीन-चार जणांनी मानाही डोलावल्या. दोन महिने डोलावत होते, मानेला सवय झाली होती.

सगुणाने पदर जरा मागे सारला. "गिळलेलं पायात उतरत असेल, तर बांधाचे दगडही पायाशीच सापडतील. पाटील, जरा खाली उतरता का?"

पाटील उतरले नाहीत. पण लोकांची नजर उतरली. पाटलांच्या बोटावरून त्यांच्या पायांवर, पायांवरून जोत्यावर. सटवाजींनी पुढे होऊन नखाने शेणाचा पोपडा खरवडला. खाली काळा दगड. त्यावर पाण्याची पांढरी रेघ आणि तळ्यातल्या गोगलगायीचा वाळका शंख.

"मागे!" पाटील एकदम ओरडले. "मागे बघा, गिळोबा!"

अर्धा गाव सवयीने मागे वळला. सगुणा वळली नाही, सटवाजी वळले नाहीत. आणि या वेळी शिदूही वळला नाही. त्याने वाकून जोत्याचा पहिला दगड उपसला.

पावसाआधी सगळे दगड बांधावर परत गेले. उपसायला गाव होता, वाहायला पाटलांचीच गाडी. पाटलांचं घर आता बसकं दिसतं, आणि त्यांना दवंडीसाठी माणूस मिळत नाही. लठ्ठ कुत्रं बरेच दिवस बांधावर वाट बघत बसलं, मग तेही गावात आलं.

"मला पहिल्यापासून संशय होता," कोंडाबाई आता सगळ्यांना सांगते. "नुसत्या डाव्या पायानं कधी कुणी चालतं का?"

सगुणा ऐकून घेते. पण सासूबाई अंघोळीचं पाणी काढून देताना अजून एकदा तिच्या बोटांवरून नजर फिरवतात, हे तिच्या पदराआडून सुटत नाही.

तात्पर्य: जो सारखा लांब बोट दाखवून भीती घालतो, त्याच्या बोटाच्या दिशेला बघण्याआधी तो कशावर उभा आहे ते बघावं.