हरता न येणारी राणी

एका राज्यात केतकी नावाची राणी होती. तिला काय कमी होतं? हत्ती होते, घोडे होते, बोलणारी साळुंकी होती. हसू मात्र नव्हतं. राजघराण्याची रीतच होती, आठवं वर्ष लागलं की डोक्यावर मुकुट. तो चढला आणि तिचं हसू गेलं ते गेलंच. बापाचं तसंच झालं होतं, आजाचंही तसंच.

आता लेकीची पाळी होती. मंजुळा दिवसभर खिदळायची, आणि उद्या तिला आठवं लागायचं. राणीच्या घशाखाली घास उतरेना.

साळुंकी म्हणाली, "बाईसाहेब, नुसत्या कुढता काय? डोंगरावरच्या जोगवतीला विचारा. जुनी मांत्रिकीण आहे, तिला सगळ्यांच्या घरातलं ठाऊक असतं."

राणी डोंगर चढली. जोगवतीच्या गुहेत तोंड बंद केलेली तांब्याची घागर होती. आत हसू खळखळत होतं.

"तुझ्या पणजानं वर मागितला," जोगवती म्हणाली. "माझ्या वंशात मुकुट घालेल त्याला कुणी हरवू नये, असा. मी दिला. बदल्यात हसू ठेवून घेतलं."

"हरण्याचा हसण्याशी काय संबंध?"

"पोरं हरतात आणि पुन्हा डाव मांडतात. मोठी माणसं हरायच्या भीतीनं डावच मांडत नाहीत. मुकुट काढ. तिन्हीसांजेच्या आत तीन डाव खेळ. एक तरी खराखुरा हर, घागर फुटेल."

एवढंच ना, असं राणीला वाटलं. राजवाड्यात परतून तिनं मुकुट उतरवला आणि सेनापतीशी बुद्धिबळ मांडलं. त्यानं मुद्दाम वजीर घोड्याच्या तोंडी दिला. "हरलो, महाराणी." मग राजकवीला कोडं घातलं, पाण्यात जन्मतं, पाण्यातच विरतं, ते काय? मीठ, हे उत्तर शेंबड्या पोरालाही आलं असतं. कवी डोकं खाजवत बसला.

सूर्य कलला. राणी मंजुळेसमोर फरशीवर बसली. सागरगोटे उधळले. राणीच्या हातून एक निसटला आणि घरंगळत खांबाआड गेला.

"आई, तू हरलीस," मंजुळा सरळ म्हणाली.

राणीचे कान तापले. मुकुट चढल्यापासून हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

"रडू नको हं. तू नवीन आहेस, तुला कच्चा लिंबू धरते. घे, परत टाक."

राणीला आधी हुंदका आला, आणि त्याच्या पाठोपाठ हसू. तिकडे डोंगरावर घागर फुटली. आजा-पणजांचं अडकलेलं हसू दरीतून खाली आलं. सेनापतीच्या मिशासुद्धा हलल्या.

दुसऱ्या दिवशी मुकुट चढला, तरी मंजुळा खिदळतच राहिली. तेव्हापासून त्या राज्यात मुकुट घालण्याआधी भर दरबारात एक डाव हरावा लागतो. केतकी राणीला सागरगोटे अजून जमलेले नाहीत. रोज संध्याकाळी ती कच्चा लिंबूच असते. तशी एखादी संध्याकाळ तुमच्याआमच्या अंगणातही येवो.