सुलतानाचं स्थळ

मिरजेच्या शेवंताबाई लोणारे शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण पॉमेरेनियन कुत्र्यांच्या दुखण्यांबद्दल जनावरांचे डॉक्टरही त्यांना विचारत. श्वानमंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब वाघचौरे यांनी त्यांना घरी बोलावून त्यांच्या चिंगी कुत्रीसाठी आपल्या सुलतानाचं स्थळ सुचवलं. सुचवलं कसलं, हुकूमच सोडला.

"आधी डॉक्टरांना त्याचे गुडघे दाखवा," शेवंताबाई म्हणाल्या. "या जातीत गुडघ्याची वाटी सरकते, आणि ते दुखणं पिल्लांत उतरतं. माझ्या घरची दोन पिल्लं जन्मभर लंगडली. तिसरं मला नको."

बापूसाहेब तापले. "सात पिढ्यांची वंशावळ आहे त्याची. तपासायचं म्हणजे घराण्याचा अपमान. नाही म्हणालात, तर मंडळातून तुमचं नाव जाईल."

"परवा पुतण्यासाठी मुलगी बघितलीत ना? चालवून पाहिलंत तिला?"

"पाहिलंच. पाय बघावाच लागतो."

"घराणं हलकं होतं का तिचं?"

"छे, इनामदारांचं. पण घराणं आपल्या जागी, पाय आपल्या जागी."

"मग सुलतानाचंही घराणं राहू द्या आपल्या जागी," शेवंताबाई म्हणाल्या. "पाय तेवढे दाखवा."

चहा घेऊन आलेल्या बापूसाहेबांच्या पत्नीने कप खाली ठेवले आणि सुलतानाची साखळी हातात घेतली.

"चला, मीच नेते," त्या म्हणाल्या. "मला तर यांनी दोनदा चालवलं होतं."

सुलतानाची डावी वाटी सरकलेली निघाली. स्थळ मोडलं. पुढच्या सभेत, गुडघे तपासल्याशिवाय संबंध जुळवायचा नाही, असा नियम बापूसाहेबांनी स्वतःच्याच डोक्यातून निघाल्यासारखा वाचून दाखवला, आणि शेवंताबाईंनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.